एअर टॅक्सीत काम करायचंय? मग सुरुवात इथून करा

गेल्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातून एक वडील आणि त्यांचा मुलगा मला भेटायला आले. मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. वडिलांनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि त्यातली पावती माझ्यासमोर ठेवली. ‘एअर टॅक्सी पायलट फाउंडेशन कोर्स’, पहिला हप्ता ८५,००० रुपये. वर विमानाचं चित्र, खाली ‘डीजीसीए नियमांनुसार’ एवढंच छापलेलं. डीजीसीएचा, म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, मान्यता क्रमांक कुठेच नव्हता. वडील म्हणाले, “सर, एकदाच स्पष्ट सांगा. पैसे गेले का?”

गेले होते. कारण असा परवाना आज भारतात कुणी देतच नाही, मग त्याचा कोर्स कसा असेल? मी बरीच वर्षं जुहूच्या विमानतळावर हेलिकॉप्टरच्या एव्हिऑनिक्सवर, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर काम केलं, आता मुलांना शिकवतो. त्या दिवशी त्या दोघांना जे तासभर सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितोय. एअर टॅक्सीचं क्षेत्र खरं आहे, त्यातली कामंही खरी आहेत. पण आत जायचा रस्ता ‘एअर टॅक्सी’ असं नाव असलेल्या कोर्समधून जात नाही. आज पगार देणारं एखादं कौशल्य धरायचं आणि त्यावरून तिथे पोहोचायचं, हाच रस्ता आहे.

आधी चित्र नीट समजून घ्या

एअर टॅक्सी म्हणजे विजेवर चालणारं छोटं यान. ते हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी उठतं आणि बहुतेक प्रकारांत वर गेल्यावर विमानासारखं पंखांच्या आधाराने पुढे जातं. या क्षेत्रातले लोक त्याला ईव्हीटॉल म्हणतात.

सगळ्यात पुढे चीन आहे. इहँग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकाशिवाय उडणाऱ्या यानाला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या नियामकाने टाइप सर्टिफिकेट, म्हणजे यानाची रचना सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र दिलं, २०२४ मध्ये उत्पादनाचं प्रमाणपत्र मिळालं आणि २०२५ मध्ये सेवा चालवण्याचं. दुबईच्या रस्ते आणि वाहतूक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जोबी कंपनीशी सहा वर्षांचा करार केला. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यानांच्या वैमानिकांसाठी आणि वापरासाठी नियम जाहीर केले. त्याच वर्षाअखेर जर्मनीतल्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन नावाजलेल्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. तिथे चांगले अभियंते होते, पैसाही भरपूर आला होता, तरी प्रमाणपत्र मिळेपर्यंत तो पुरला नाही. म्हणून कंपनीच्या नावावर जीव लावू नका. एक कंपनी बंद पडली तर दुसरीकडे उपयोगी पडेल असं काम हातात हवं.

आपल्याकडे चेन्नईची ईप्लेन कंपनी आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सत्य चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने ती २०१९ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने ७८८ हवाई रुग्णवाहिका पुरवण्याचा करार जाहीर केला. बेंगळुरूची सरला एव्हिएशन २०२३ मधली. १९३६ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या सरला ठकराल यांच्यावरून तिचं नाव ठेवलं आहे. तिने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात ‘शून्य’ नावाचं यान मांडलं. इंडिगोची प्रवर्तक कंपनी इंटरग्लोब आणि अमेरिकेची आर्चर यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये सामंजस्य करार केला आणि त्यात दिल्ली, बेंगळुरूसोबत मुंबईचंही नाव होतं. डीजीसीएने २०२४ पासून या यानांची उड्डाणयोग्यता आणि ती जिथून उठतील-उतरतील ते व्हर्टिपोर्ट यांसाठी निकष मांडायला सुरुवात केली आहे.

म्हणजे तिकीट काढून बसावं अशी सेवा आपल्याकडे अजून नाही. आज कामं आहेत ती यान आखणाऱ्यांची, बनवणाऱ्यांची, चाचण्या घेणाऱ्यांची आणि कागदपत्रं सिद्ध करणाऱ्यांची. वैमानिक, देखभाल, व्हर्टिपोर्ट ही कामं त्यानंतर येतील. तुम्ही आज सतरा वर्षांचे असाल तर हा क्रम तुमच्या फायद्याचा आहे.

पहिली पायरी: यंत्राची अडचण कुठे आहे ते शिका

ज्याला यंत्राची अडचण कळते त्याला काम मिळतं. इथली मोठी अडचण बॅटरी आहे. विमानाच्या एक किलो इंधनात साधारण १२,००० वॅट-तास ऊर्जा असते, तर चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे २५० च्या आसपास. विजेची मोटर इंजिनापेक्षा खूप कमी ऊर्जा वाया घालवते हे खरं, तरी दरी मोठी राहते.

आता याहून बारकाईने बघा. पंखांवर पुढे जाताना यानाला तुलनेने कमी शक्ती लागते. जागच्या जागी तरंगताना सगळ्यात जास्त लागते. आणि उतरताना, म्हणजे बॅटरी सगळ्यात कमी उरलेली असते नेमकं तेव्हा, यान पुन्हा तरंगतं. चार्ज कमी असताना मोठा प्रवाह ओढला की सेलचा व्होल्टेज खाली बसतो. स्कूटरचा चार्ज कमी असताना चढावर जसा दम जातो, तसाच. फरक एवढाच की स्कूटर कडेला लावता येते. त्यामुळे उरलेला चार्ज अचूक सांगणं, एक सेल तापला तर शेजारचा पेटू न देणं, पॅक वर्षभराने किती दमला हे ओळखणं, या प्रत्येकावर माणसांच्या तुकड्या काम करतात.

दुसरी अडचण उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात जाण्याची. त्या काही सेकंदांत रोटरवरचा, म्हणजे यान उभं उचलणाऱ्या फिरत्या पात्यांवरचा भार पंखांवर जातो. नियंत्रणाचं सॉफ्टवेअर तिथे पारखलं जातं.

तिसरी अडचण म्हणजे हे सगळं सुरक्षित आहे असं सिद्ध करणं. युरोपच्या नियामकाने शहरांवरून प्रवासी नेणाऱ्या यानांसाठी लावलेली अट अशी आहे की जीवघेणा बिघाड उड्डाणाच्या एक अब्ज तासांत एकदा होण्याइतका दुर्मीळ असावा. ही गोष्ट कागदावर, गणिताने आणि चाचण्यांनी दाखवावी लागते.

दुसरी पायरी: आपलं दार निवडा

*देखभालीचं दार.* हे माझं दार, म्हणून आधी त्याबद्दल. विमान देखभाल अभियंता व्हायला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकीचा डिप्लोमा लागतो. प्रशिक्षण डीजीसीएच्या सीएआर-१४७ या नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेत होतं आणि परवाना सीएआर-६६ या नियमाखाली मिळतो. मुलं डोळे झाकून बी१.१ घेतात, म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, कारण मोठ्या एअरलाइन्समध्ये त्याला मागणी असते. ते चूक नाही. पण एअर टॅक्सीकडे नजर असेल तर बी२, म्हणजे एव्हिऑनिक्सचा गंभीरपणे विचार करा. या यानांत टर्बाइन नाही. जे आहे ते मोटर, इन्व्हर्टर, उच्च दाबाच्या केबल्स, सेन्सर आणि संगणक. विजेचं मॉड्यूल ३, इलेक्ट्रॉनिक्सचं मॉड्यूल ४ आणि डिजिटल तंत्राचं मॉड्यूल ५ हे मनापासून शिकलेल्याला यात परकं वाटणार नाही. शिवाय बी२ परवान्यावर आजही विमानांत आणि हेलिकॉप्टरांत काम मिळतं.

मी पहिल्या आठवड्यात मुलांना दोन बोल्ट आणि लॉकवायरचं, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेचं रीळ देतो. इंचाला सहा ते आठ पीळ, आणि तार अशी ओढायची की ती बोल्टला आवळायच्या दिशेनेच ताण देईल. दहातली सात मुलं पहिल्यांदा तार उलट बांधतात. दिसायला ती सुंदर दिसते आणि बोल्ट सैल व्हायला मदत करते. मी ती कापतो, पुन्हा बांधायला लावतो आणि शेवटी कामाच्या कागदावर मुलाची सही घेतो. त्या सहीचा अर्थ ज्याला कळला तो या धंद्यात टिकतो. यान विजेवर चालो की केरोसीनवर, रोटर बोल्टनेच बसवलेला असतो.

महाराष्ट्रात हे काम बघायचं तर नागपूरचं मिहान आहे, तिथे मोठ्या विमानांची देखभाल चालते. नाशिकजवळ ओझरला एचएएल हा सरकारी विमान कारखाना आहे, तिथे आयटीआयच्या मुलांना शिकाऊ उमेदवारी मिळते. आणि जुहू आहे. १९२८ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळावरून आज हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलविहिरींकडे जातात-येतात. दाट वस्तीच्या मधून उभं उड्डाण कसं सांभाळतात, पंखा फिरत असताना प्रवाशाला कसं चढवतात, वाऱ्याची दिशा बदलली की काय करतात, हे सगळं तिथल्या माणसांना रोजच्या सवयीने ठाऊक आहे. उद्याच्या व्हर्टिपोर्टला हीच सवय लागणार आहे.

*बॅटरी आणि मोटरचं दार.* पुण्याच्या आसपासच्या मुलांसाठी मी हे सगळ्यात जवळचं मानतो. चाकण-आकुर्डी पट्ट्यात विजेच्या गाड्यांचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं आणि वाहनांच्या चाचण्यांसाठी एआरएआय पुण्यातच आहे. दुचाकी-तिचाकीच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक आहे. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्या तेव्हा ते आणखी कडक केलं गेलं. विमानातल्या लिथियम बॅटरीसाठी डीओ-३११ए हे मानक वापरतात. दोन्हींत अटी वेगळ्या, पण विचार एकच: एक सेल मुद्दाम बिघडवा आणि बाकीचा पॅक काय करतो ते बघा. बॅटरीच्या चाचणी प्रयोगशाळेत दोन वर्षं प्रामाणिकपणे काढलेला डिप्लोमाधारक एअर टॅक्सी कंपनीच्या मुलाखतीत बोलू शकतो, कारण त्याने सेल तापताना पाहिलेला असतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा ट्रेडही आहे.

*सॉफ्टवेअर आणि प्रमाणीकरणाचं दार.* कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना वाटतं की विमान क्षेत्र आपलं नाही. उलट आजच्या घडीला भारतात बसून करता येण्यासारखं सगळ्यात जास्त काम इथेच आहे. विमानातलं सॉफ्टवेअर डीओ-१७८सी प्रमाणे लिहावं आणि तपासावं लागतं. त्यात ए ते ई अशा पातळ्या असतात. ज्याच्या चुकीने विमान पडू शकतं ते सॉफ्टवेअर ए पातळीचं. तिथे प्रत्येक ओळ कोणत्या गरजेसाठी लिहिली आणि ती कोणत्या चाचणीने तपासली, हा धागा दोन्ही बाजूंनी दाखवता यायला हवा. इलेक्ट्रॉनिक हार्डवेअरसाठी डीओ-२५४, तापमान, कंप आणि ओलाव्याच्या चाचण्यांसाठी डीओ-१६०. बेंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यातल्या अभियांत्रिकी सेवा कंपन्या हे काम जगभरच्या विमान उत्पादकांसाठी करतात. तिथे चाचणी अभियंता म्हणून रुजू व्हा. सुरुवातीला काम कंटाळवाणं वाटेल, कारण दिवसभर तक्ते जुळवावे लागतात. पण एअर टॅक्सी कंपन्यांना अशी माणसं सहज मिळत नाहीत.

प्रमाणीकरण म्हणजे काय हे मराठी मुलांना समजावताना मी कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण देतो. त्यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमधल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात बीकेसीत हजारो लोकांनी ते पाहिलं. तरी नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं आणि उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. यान तयार होणं आणि ते उडवायला मोकळीक मिळणं यांच्यामध्ये केवढा रस्ता आहे, ते या तारखांमधून दिसतं. तो रस्ता तुडवणाऱ्या माणसाला या क्षेत्रात नेहमीच मान आहे.

*कार्बन फायबरचं दार.* या यानांचं अंग बहुतांश कार्बन फायबरचं असतं. कापड साच्यात बसवणं, थर मोजणं, व्हॅक्यूम बॅग लावणं, भट्टीत पक्कं करणं, मग आत हवा राहिली का ते अल्ट्रासाउंडने तपासणं. हे हाताचं काम आहे आणि पवनचक्क्यांची पाती किंवा ड्रोनचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात ते शिकता येतं. आयटीआय झालेल्या, हात स्थिर असलेल्या मुला-मुलींनी हे दार जरूर ठोठवावं. इथे पदवीपेक्षा हात बघतात.

*वैमानिकाचं दार.* सगळ्यांची नजर इथेच जाते, म्हणून दोन गोष्टी ठळक सांगतो. पहिली: अमेरिकेचे नियम बघितले तर सुरुवातीचे एअर टॅक्सी वैमानिक हे आधीच व्यावसायिक परवाना असलेले विमान किंवा हेलिकॉप्टर वैमानिकच असतील, त्यांना नव्या यानाचं जास्तीचं प्रशिक्षण मिळेल. म्हणून आधी नेहमीचा परवाना. दुसरी: एक रुपया भरण्याआधी वैद्यकीय तपासणी.

क्रम असा. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे वर्ग २ ची तपासणी, मग वर्ग १ ची. रंग ओळखण्यात दोष आहे हे फी भरून झाल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या घरचे चेहरे विसरता येत नाहीत. तपासणी झाली की परीक्षेसाठी लागणारा डीजीसीएचा संगणक क्रमांक घ्यायचा आणि नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, तांत्रिक असे पेपर द्यायचे. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओ टेलिफोनीची परीक्षा. विमानाच्या व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण, हेलिकॉप्टरसाठी १५० तास. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो आणि हेलिकॉप्टरचा त्याहूनही वर. गोंदिया, बारामती, धुळे इथे उड्डाण प्रशिक्षण चालतं.

माझं मत विचाराल तर केवळ एअर टॅक्सीसाठी म्हणून शेत विकून हा खर्च करू नका. एअरलाइनमध्ये किंवा हेलिकॉप्टरवर काम करायची मनापासून तयारी असेल तरच करा, एअर टॅक्सी पुढे जोडली जाईल. चीनचं यान तर वैमानिकाशिवायच उडतं. पुढच्या वीस वर्षांत कॉकपिटमधलं काम जमिनीवरच्या नियंत्रण खोलीत किती सरकेल, हा विचारही आताच केलेला बरा.

*व्हर्टिपोर्ट आणि हवाई वाहतुकीचं दार.* इथे जागा उशिरा येतील. चार्जिंग, अग्निशमन, छतांची मजबुती, प्रवासी तपासणी ही कामं असतील आणि विमानतळावर किंवा हेलिपॅडवर काम केलेल्यांना आधी बोलावलं जाईल. भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी झालेल्यांनी विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीकडे लक्ष ठेवावं. शहरावरच्या कमी उंचीच्या वाहतुकीची शिस्त घालताना नियंत्रकांचा अनुभव लागेलच.

तिसरी पायरी: ड्रोनला तालीम समजा

दार कोणतंही निवडा, सराव ड्रोनवर करा. मोटर, बॅटरी, उड्डाण नियंत्रक, सेन्सर, सगळं इथे छोट्या रूपात असतं आणि चूक झाली तरी बहुतेक वेळा चार पाती मोडण्यावर निभावतं.

आधी नियम. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, दोन किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला आणि विनाव्यवसाय मायक्रोला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढच्या, म्हणजे व्यवसायाच्या किंवा मोठ्या ड्रोनच्या कामासाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट घ्यावं लागतं. वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, आणि डीजीसीएने अधिकृत केलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण. हे प्रमाणपत्र दहा वर्षं वैध असतं. उडवण्याआधी सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरवा विभाग तपासा, तिथे ४०० फुटांपर्यंत आधी परवानगी लागत नाही. फवारणी आणि सर्वेक्षणाच्या कामातून या प्रमाणपत्राचे पैसे गावातच वसूल होतात.

प्रमाणपत्राआधी घरबसल्या करण्यासारखा एक अभ्यास सांगतो. त्याला पैसे लागत नाहीत. आर्डुपायलट नावाचं उड्डाण नियंत्रणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते लॅपटॉपवर खोट्या यानासह चालवता येतं. त्यात क्वाडप्लेन निवडा, म्हणजे चार रोटर अधिक पंख असलेलं यान, एअर टॅक्सीचा धाकटा भाऊच. ते उभं उठवा, आडव्या उड्डाणात न्या आणि त्या बदलात उंची किती मीटर घटली ते लॉगमधून, म्हणजे उड्डाणाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींतून वाचा. दहा वेळा करा. मग वारा वाढवा आणि पुन्हा दहा वेळा. आकडे तक्त्यात भरा, आलेख काढा आणि चार पानांचा अहवाल लिहा: काय तपासलं, कसं तपासलं, काय मिळालं, कुठे खात्री नाही. हा अहवाल तुमच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलेल. मुलाखत घेणारा त्यावरून तासभर प्रश्न विचारू शकतो आणि उत्तरं तुमची स्वतःची असतील.

कॉलेजात असाल तर एसएईइंडिया या अभियंत्यांच्या संस्थेच्या विमान आणि ड्रोन स्पर्धांत उतरा. टीममध्ये चाचणी आणि नोंदी ठेवण्याचं काम मागून घ्या. ते कुणाला नको असतं, म्हणून लगेच मिळतं.

चौथी पायरी: पहिलं वर्ष कसं घालवायचं

बारावीत असाल तर जूनपर्यंत डोळे, कान आणि रंगज्ञानाची साधी तपासणी करून घ्या. मग ठरवा. अभियांत्रिकी घेणार असाल तर एरोस्पेसच हवं हा हट्ट सोडा. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल चालतं, आणि पहिली नोकरी मिळायला बहुतेक वेळा सोपं पडतं. एरोस्पेसची ओढच असेल तर पदवीनंतर गेट देऊन आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास किंवा बेंगळुरूच्या आयआयएस्सीत एमटेक करता येतं.

आयटीआय किंवा डिप्लोमा असाल तर पहिले सहा महिने शिकाऊ उमेदवारी मिळवण्यावर घाला. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करा आणि विमान, ड्रोन, बॅटरी, कंपोझिट (म्हणजे कार्बन फायबरसारखं साहित्य) अशा चार शब्दांनी दर आठवड्याला शोधा. रोज संध्याकाळी वहीत एक पान: आज कोणतं काम केलं, कोणतं मोजमाप घेतलं, काय चुकलं. ही वही मुलाखतीला न्या.

नोकरीत असलेला अभियंता असाल तर कंपनीतच सुरक्षिततेशी किंवा चाचणीशी जवळचं काम मागा. वाहन क्षेत्रातला आयएसओ २६२६२ चा, म्हणजे गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेच्या मानकाचा अनुभव विमान क्षेत्रातल्या सुरक्षा विश्लेषणाकडे न्यायला सोपा जातो.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक खास गोष्ट. विमानाच्या देखभालीची पुस्तकं मुद्दाम सोप्या केलेल्या इंग्रजीत लिहितात. या पद्धतीचं नाव सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश, आणि तिच्या कोशात साधारण ९०० मान्य शब्द आहेत. एका शब्दाला एकच अर्थ. वाक्य छोटं, आज्ञार्थी. फाडफाड इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहिलेल्या कितीतरी मुलांना मी हे ९०० शब्द आणि त्यांच्या ट्रेडचे दोनशे-तीनशे शब्द शिकवले आणि सहा महिन्यांत ती मॅन्युअल वाचायला लागली. बोलण्याचा सराव वेगळा करावा लागतो. वैमानिक आणि नियंत्रकाला आंतरराष्ट्रीय पातळी ४ चं इंग्रजी सक्तीचं आहे, तंत्रज्ञाला आधी वाचन पक्कं हवं.

पाचवी पायरी: पैसे भरण्याआधी संस्था तपासा

त्या सांगलीच्या वडिलांसाठी मी हे प्रश्न कागदावर लिहून दिले होते. संस्थेत जाऊन, फी देण्याआधी विचारायचे.

तुमच्या मान्यतेचा क्रमांक काय, आणि ती उड्डाण प्रशिक्षणाची, देखभाल प्रशिक्षणाची की ड्रोन प्रशिक्षणाची? तो क्रमांक डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा, त्यांनी दाखवलेल्या फोटोत नको. मान्यतेची मुदत कधी संपते? कोर्सनंतर परवाना कोण देतं, तुम्ही की डीजीसीए? उड्डाण संस्था असेल तर तुमच्या नावावर किती विमानं आहेत, त्यातली आज उडणारी किती, आणि गेल्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले? गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी आम्हाला एकट्याने बोलू द्याल का? मध्येच सोडलं तर किती फी परत, हे लेखी द्याल का?

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ ऐकली की उठून या. ‘एअर टॅक्सी’ हे नाव असलेल्या कोर्ससाठी आज पैसे देऊ नका, मग तो ऑनलाइन दोन हजारांचा असो की वर्गातला दोन लाखांचा.

सहावी पायरी: अर्ज

भारतातल्या एअर टॅक्सी कंपन्या लहान आहेत. तिथे मोठ्या कॉलेजच्या नावापेक्षा केलेलं काम विचारतात. ईमेल दहा ओळींचा ठेवा. कोणत्या विषयावर काम केलं, कोणतं मोजमाप घेतलं, अहवालाची लिंक, आणि कोणत्या कामात मदत करू शकता. ‘मला विमानांची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, तुमच्या अर्जात नसलं तरी चालेल. कंपनीच्या यानाला किती रोटर आहेत, किती माणसं बसतात, प्रमाणपत्राचा कोणता टप्पा चालू आहे, हे वाचून मगच लिहा. बेंगळुरूचं एअरो इंडिया आणि हैदराबादचं विंग्ज इंडिया या प्रदर्शनांत छोट्या कंपन्यांचे अभियंते स्वतः स्टॉलवर उभे असतात. त्यांना अहवालाची छापील प्रत द्या आणि एकच नेमका प्रश्न विचारा.

परदेशाचं स्वप्न असेल तर एक अडथळा आधीच माहीत असू द्या. अमेरिकेतल्या अनेक विमान कंपन्यांच्या जाहिरातीत तिथलं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य मागतात, कारण तंत्रज्ञान निर्यातीचे कायदे कडक आहेत. तिकडच्या पदवीसाठी कर्ज काढताना हे गृहीत धरून हिशेब करा.

सांगलीच्या त्या मुलाचे ८५,००० परत आले नाहीत. उरलेले हप्ते मात्र वाचले. डिप्लोमा झाल्यावर तो चाकणजवळ बॅटरी पॅकच्या चाचणी विभागात शिकाऊ म्हणून लागला. मागच्या महिन्यात त्याने मला स्वतः लिहिलेल्या पहिल्या चाचणी अहवालाचा फोटो पाठवला. वरिष्ठांनी लाल शाईने तीन ठिकाणी खुणा केल्या होत्या. दोन ठिकाणी एकक लिहायचं राहिलं होतं आणि तिसऱ्या ठिकाणी तापमान मोजणारं थर्मोकपल नेमकं कुठे चिकटवलं ते सांगितलं नव्हतं. खाली त्याने लिहिलं होतं, “सर, उद्या पुन्हा चाचणी घेतोय. या वेळी जागा मोजून, फोटो काढून.”